झिलेपुरती जागा

गेनूआबा एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. विचार करायला नव्हे, दम लागला म्हणूनही नव्हे. समोरच्यानं काहीतरी म्हणावं म्हणून. 'मग?' म्हणा, 'बरं' म्हणा, नुसतं 'हं' केलं तरी चालायचं. पण ते आल्याशिवाय पुढचं वाक्य बाहेर पडायचं नाही. शिरूरला आमच्या गल्लीत ते राहायला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा भारी शिष्ट आहे. एकदा सकाळी दारात येऊन म्हणाले, "बाई, नळाला पाणी आलंय." आणि उभे. मी कणीक मळत होते. बऱ्याच वेळानं मी "बरं" म्हटलं, तेव्हा कुठं उरलेलं आलं, "पण गढूळ हाय." तोवर माझं अर्धं पिंप भरून झालं होतं.

कारण पुढे कळलं. आबा गोंधळी. उभं आयुष्य कमरेला संबळ बांधून देवीचे गोंधळ घातलेले. गोंधळात एक जण म्होरं राहून गातो, कथा सांगतो. दुसरा त्याच्या उजव्या अंगाला तुणतुणं घेऊन उभा असतो. पहिल्याची ओळ संपत आली की तिचं शेपूट उचलून तो झील धरतो, म्हणजे तीच ओळ घोळवून परत देतो. आणि कथा चालू असताना मधेच खुळ्यासारखं विचारतो, 'मग काय झालं?' त्यानं विचारल्याशिवाय कथा पुढं सरकत नाही. आबांचा हा दुसरा माणूस म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, दशरथ. दौंडला रेल्वेत खलाशी होता. मी त्याला पाहिलं नाही. तो गेल्यावर वर्षभरानं आबा आमच्या गल्लीत आले. बायको त्याच्याही आधी गेलेली. तेव्हा आम्हाला भेटला तो अर्धाच माणूस, आणि गल्लीनं आपली त्याला शिष्ट ठरवून टाकलं.

या सवयीपायी त्यांचे हाल व्हायचे, आणि आम्हाला हसू यायचं. एकदा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" आबा म्हणाले, "पोटात दुखत व्हतं." आणि थांबले. डॉक्टरांनी मान खाली घातली, दोन गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर आल्यावर आबा मला म्हणाले, "दुखत व्हतं ते परवा." मी म्हटलं, "मग?" "आज गुडघा." मी कपाळाला हात लावला. परत आत जाऊ म्हटलं तर ऐकेनात. डॉक्टरला ऐकायची सवय नाही, त्याला आपण काय करणार, असं म्हणून पोटाच्या गोळ्या घेऊन घरी आले आणि गुडघ्याला तेल चोळत बसले.

रोज सकाळी ते संबळ उन्हाला काढायचे. दोन छोटे नगारे एकमेकांना बांधलेले, ओट्याच्या कठड्यावर, तोंडं सूर्याकडे. कातडं तापलं की ताणलं जातं, आवाज चढतो. गोंधळाला जायच्या दिवशी हे करायचं असतं. आबा कुठंच जात नव्हते. पहिल्या पहिल्यांदा मी विचारायची, "आज कुठं आहे?" ते म्हणायचे, "कुठं न्हाई." मी म्हणायची, "मग?" "कातडं हाय, बाई. त्याला काय ठावं." दुपारी संबळ आत जायचं. बोटानं एकदा टिचकी मारून बघायचे, मान डोलवायचे, आणि कापडात गुंडाळून ठेवायचे. मला तो टिचकीचा आवाज नको वाटायचा. पंचविशी-तिशीतल्या सुना ओट्यावर मोबाइल बघत बसलेल्या असायच्या, त्यांना तो ऐकूही यायचा नाही.

गोंधळाची बोलावणी येत नव्हती असं नाही. शिरूर काय, दौंड काय, शेतकऱ्यांच्या घरी लग्न झालं की गोंधळ लागतोच; पूर्वी रात्रभर चालायचा, आता जेवणं उरकेपर्यंत. आबांचा मुलगा संतोष सणसवाडीला कंपनीत. त्यानं कधी संबळ धरलं नाही, आबांनीही आग्रह केला नाही. पण ओळखीच्या लोकांनी दशरथच्या जागी दुसरा माणूस लावून दिला. भांडगावला एका बागायतदाराच्या घरी आबा त्या माणसाबरोबर गेले. माणूस चांगला, गळा तयार. पण आबांची ओळ संपायच्या आधीच झील टाकायचा. आबांनी तीन ओळी सोसल्या. चौथ्या ओळीला गप्प उभे राहिले. माणसानं तरीही झील धरली, न गायलेल्या ओळीची. आबांनी देवीला नमस्कार केला, गोंधळ कसाबसा पुरा केला, आणि घरी येऊन जाहीर केलं की आता बंद. मी म्हटलं, "आबा, चार दिवसांत शिकला असता तो." ते म्हणाले, "त्याला सगळं येतंय." मी म्हटलं, "मग?" "ऐकत न्हाई."

सायली आली ती अशा दिवसांत. सायली माझ्या बहिणीची मुलगी. पुण्यात ॲनिमेशन शिकली. म्हणजे दिवसभर काचेच्या पाटीवर चित्रं काढते आणि ती हलवते. तिला स्वतःची छोटी फिल्म करायची होती. गोष्ट अशी, की एक गोंधळी नेहमीसारखा गावोगावच्या देवांना गोंधळाला बोलावतो आणि यावेळी ते खरंच येतात. कुणी एसटीनं येतो, कुणी डेमू गाडीनं दौंडला उतरतो, एक देवी टेम्पोच्या फाळक्यावर बसून येते. तिला खराखुरा आवाज आणि खराखुरा माणूस हवा होता. मी म्हटलं, माणूस समोरच आहे, पण तो बंद आहे.

आबांनी गोष्ट नीट ऐकून घेतली. सायलीला मी आधीच पढवून ठेवलं होतं, त्यामुळे ती दर वाक्याला 'मग?' म्हणत होती. शेवटी ते म्हणाले, "देव एसटीनं आला तर चालंल." "मग?" "पण उभ्यानं नको आणू. बसाय जागा दे." मग आपली अट सांगितली. "माझं काय बी काढ, पोरी. नाक मोठं काढ, प्वाट काढ. पण दशरथला जागा पायजे. म्या एकटाच उभा दिसलो तर दौंडला सुमनला कुठल्या तोंडानं दावू?" सुमन म्हणजे दशरथची बायको. ती दौंडला रेल्वे कॉलनीच्या पलीकडं घर बांधून राहते. सायली म्हणाली, त्यात काय, दोघं काढू. तिला वाटलं, जागा म्हणजे चित्रातली.

दशरथचा धड फोटो कुणाकडंच नव्हता. होता तो ओळखपत्रावरचा, त्यात तो कुणाच्याही मेव्हण्यासारखा दिसत होता. लोकांच्या लग्नाच्या अल्बममधे तो कायम आबांच्या मागं अर्धा झाकलेला. म्हणून आम्ही तिघं दौंडला गेलो. सायली पाटीवर काढायची आणि आबा-सुमनताई दुरुस्त्या सांगायचे.

"कान येवढं न्हवतं त्यांचं," सुमनताई म्हणाल्या.

"व्हतं," आबा म्हणाले.

"दाजी, मी संसार केलाय."

"म्या कानाला लागून गायलोय."

कान मोठेच राहिले. नंतर आबांचं लक्ष हाताकडं गेलं. कार्टूनमधे माणसाला चारच बोटं काढायची पद्धत आहे म्हणे, हलवायला सोपं जातं. आबांनी मोजली, परत मोजली. "रेल्वेत व्हता म्हणून काय बोट गेलं न्हाई त्याचं. धा बोटं घेऊन रिटायर झालाय." सायली समजावत बसली. शेवटी दशरथला पाच बोटं मिळाली आणि आबांना चार. आबांची त्याला काही हरकत नव्हती. "माजं एक त्याला दिलं म्हण," म्हणाले. हे चहा पिता पिता चाललं होतं आणि सुमनताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्या घरात तेवढा वेळ बरं वाटलं. निघताना सायलीनं विचारलं, दशरथमामा गायचे कसे? आबा म्हणाले, "ग्वाड. पण जरा मागं पडायचा. रेल्वेचा माणूस, लेट येणार." सुमनताईंनी कप उचलले आणि आत गेल्या.

रेकॉर्डिंग माझ्या मागच्या खोलीत झालं. खिडकीला गादी लावली, पंखा बंद, गल्लीतल्या सगळ्या कुकरांना दुपारपर्यंत रजा. आबांनी अंगरखा घातला, गळ्यात कवड्यांची माळ घातली. आवाजच घ्यायचाय, कपडे कशाला, असं सायली म्हणाली तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. संबळावर काठी पडली आणि माझ्या खोलीतली भांडी वाजली. म्हातारा एवढा मोठा होता हे मला माहीतच नव्हतं. गळा फुटका होता, वरच्या जागी चिरकत होता, पण एकेका गावचा देव असा काही बोलवत होते, की त्या त्या गावात तो दचकून उठला असेल. प्रत्येक ओळीनंतर ते थांबत. संबळ अगदी हलक्या हातानं चालू, मान किंचित उजवीकडं, तोंड मिटलेलं. थोडा वेळ तसंच. मग पुढची ओळ. मला वाटलं, वय झालं, दम घेतायत. सायलीलाही तेच वाटलं. आणि आबांनी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. गाणं सांगितलं होतं, ते त्यांनी गायलं. दशरथची जागा सोडून गायलं.

फिल्म तयार व्हायला बरेच महिने लागले. सायली लॅपटॉप घेऊन आली, माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडला. आबांसाठी मी खुर्ची दिली, ते स्टुलावर बसले. फिल्म सुंदर झाली होती, भाचीची म्हणून सांगत नाही. घोड नदीवरचा पूल होता, ऊस होता, एसटीत खिडकीशी बसलेला देव होता. मधोमध आबा, नाक खरंच मोठं. उजव्या बाजूला मोठ्या कानांचा दशरथ तुणतुणं छेडत डोलत होता. आणि आबांचा आवाज सलग, तुटेना, ओळीवर ओळ, ओळीवर ओळ. पुण्यात आवाजाचं काम करणाऱ्या मुलानं मधल्या मोकळ्या जागा कापून टाकल्या होत्या. त्याचंही काही चुकलं नव्हतं. गाणं कसं घट्ट झालं होतं.

संपल्यावर सायली आबांच्या तोंडाकडं बघत राहिली. आबा म्हणाले, "दशरथ कवा गातो?"

"तो आहे की आबा, शेजारी. सगळीकडे आहे."

"हुबा हाय."

मीच म्हटलं, "मग?"

"हुबा केलाय. गाऊ दिला न्हाई."

एवढं बोलून चहा तसाच ठेवून ते गेले. दुसऱ्या दिवशी संबळ उन्हात आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोनदा भाजी नेऊन दिली, ती घेतली, दार लावलं. मला सायलीचा राग आला, त्या न पाहिलेल्या पोराचा आला, आणि खरं सांगायचं तर आबांचाही आला. मेलेल्या माणसाचा आवाज आणायचा कुठून कुणी?

सायलीनं आपल्या परीनं वाट काढली. फोनवर म्हणाली, मावशी, आबांनाच त्यांची झील गाऊ दे, मी आवाज थोडा बदलून घेते. मी हे आबांना सांगितलं. ते हसले. हसण्यासारखं नव्हतं ते. "बाई, आपल्याच वळीला आपणच झील धरली तर त्याला गोंधळ न्हाई म्हणत." "मग?" "बडबड म्हणत्यात. येड्यासारखी." मग दुसरा कुणी? भांडगावचा माणूस मी बोलून दाखवायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "कुणी नको. म्या जेवडी सोडली व्हती तेवडी जागा परत दे म्हणावं. मोकळी. त्यात काय बी घालू नको."

सायली रडकुंडीला आली. फिल्म महोत्सवाला पाठवायची होती, लोकांना वाटेल आवाज गेला, मधेच बंद पडली म्हणून उठून जातील. आणि जागा परत घातल्या की चित्रं पुरत नव्हती. प्रत्येक मोकळ्या जागेसाठी नवी काढायला हवीत, दशरथचं तोंड उघडणारी, मिटणारी. मी म्हटलं, तू ठरव, फिल्म तुझी. तिनं फोन ठेवला. दोन-तीन महिने तिचा आवाज नाही. मग एके दिवशी दौंडलाच या म्हणाली, आबांना घेऊन.

सुमनताईंच्या पुढच्या खोलीत दुपारी आम्ही चौघं. खिडक्यांना चादरी लावल्या, लॅपटॉप कपाटाच्या कडेला ठेवला, आबा खाली सतरंजीवर. फिल्म सुरू झाली. आबांची पहिली ओळ आली, आणि थांबली. चित्रातल्या दशरथनं तोंड उघडलं. आवाज नाही. नुसतं संबळ हलकं चालू, आणि तो गातोय. पाची बोटं तुणतुण्यावर. सुमनताईंनी तोंडावर हात घेतला. दुसरी ओळ, परत थांबली, परत तो गायला. आवाज गेलाय असं मला एकदाही वाटलं नाही. मला ऐकू येईल की काय अशीच भीती वाटत होती.

तिसऱ्या ओळीला आबांनी खालून झील धरली.

आम्हाला कुणालाच ते अपेक्षित नव्हतं, त्यांनाही नसावं. पडद्यावरचा गेनू गातोय आणि सतरंजीवरचा गेनू त्याला दशरथच्या जागेवरून उत्तर देतोय. झील अर्धी झाली नाही तोच पडद्यावरचा पुढच्या ओळीला सुटला. आबा गडबडले. चौथ्या ओळीला लवकर धरली, तरी शेवट कापला गेला. पाचव्याला दम पुरेना. सहाव्या ओळीला ते नुसतेच तोंड उघडून राहिले, चित्रातल्या दशरथसारखे. फिल्म पुढं गेली, देव आले, बसले, संपली. खोलीत अंधारच होता, कुणी चादर काढली नाही.

"लई घाईचा माणूस हाय ह्यो," आबा म्हणाले.

आणि थांबले. 'मग?' म्हणायचं मला सुचलं नाही. सुमनताईच बोलल्या, अगदी हळू.

"ह्ये बी हेच म्हणायचे."

आबांनी मान वळवली. "मला कवा बोलला न्हाई."

"तुमाला काय बोलायचं, दाजी. तुमी म्होरं."

येताना एसटीत आबा खिडकीशी बसले होते. चौफुल्याला गाडी थांबली. चाळीसेक वर्षं हे दोघं इथंच भेटायचे, एक शिरूरच्या बाजूनं यायचा, एक दौंडहून, आणि इथून मिळून गोंधळाला जायचे. ते मला दाखवतील असं वाटलं, पण त्यांनी बाहेर पाहिलंच नाही. सायलीनं निघताना म्हटलं होतं, आबा, जागा थोडी थोडी वाढवता येईल, मशीनवर अगदी सोपं आहे, झील पुरी बसेल. "वाढवू नको," आबा म्हणाले होते. "त्यानं जलमभर तेवड्यातच धरली." गाडी सुटल्यावर मी त्यांना काही विचारलं, त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. थांबले नाहीत, माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. मला ते फार लागलं.

पुढे फिल्म कुठं कुठं गेली, सायलीला शाबासकी मिळाली. लोक उठून गेले नाहीत म्हणे. आबांना तिनं फोनवर सांगितलं, ते म्हणाले, बरं झालं. थोड्याच दिवसांत संतोष येऊन त्यांना सणसवाडीला घेऊन गेला. यावेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. सामान एका रिक्षात बसलं. समोरच्या खोलीत आता बँकेत नोकरीला आलेला मुलगा राहतो. चांगला आहे, एका दमात सगळं बोलतो.

परवा मी सणसवाडीला जाऊन आले. संतोषची इमारत म्हणजे तीन मजले नुसत्या भाड्याच्या खोल्या, जिन्यात चपला, दोऱ्यांवर कंपन्यांचे निळे शर्ट. सून म्हणाली, आबा गच्चीवर असतात. मी वर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आबा उभे होते, अंगात साधा सदरा, हात रिकामे. संतोषचा जुना मोबाइल टाकीला टेकवून ठेवला होता आणि त्यात छोटे छोटे गेनूआबा गात होते. खरे आबा त्याच्या उजव्या अंगाला, जरा मागं. ओळ संपत आली की पुढं वाकत आणि झील धरत. मोठ्यानं नाही. निम्म्या वेळा शेवट कापला जात होता. एखादी पुरी बसत होती, तेव्हाही तोंडावर काही दिसत नव्हतं. पुढच्या ओळीला कान लावून ते तयार असायचे.

दोरीवर कपडे वाळत घालणारा एक तरुण, शेजारच्या खोलीतला, उत्तरेकडचा, बराच वेळ बघत होता. फिल्म संपली तसं त्यानं विचारलं, "बाबा, इसमें दूसरा आदमी तो मुँह खोलता है, आवाज नहीं आती. वो कौन है?"

आबांनी मोबाइल उचलला, डोळ्यांजवळ नेऊन बटण शोधलं.

"म्होरं गाता है, वो गेनू," ते म्हणाले. "दुसरा मैं हाय."

आणि परत सुरू केली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, हातात डबा. पहिली ओळ सुरू झाली होती, म्हणून हाक मारली नाही.